टीसी झोपू द्यायचं नाही: प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

प्रकल्प: एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेममध्ये (अन्न, लाकूड, सोनं, दगड गोळा करायचे, गाव वाढवायचं, सैन्य उभारून लढायचं) 'हार्ड' पातळीवरच्या कॉम्प्युटरला हरवणं. चीट न वापरता. मुदत सहा आठवडे. रोज रात्री जेवण झाल्यावर एक डाव, शनिवार-रविवारी जमतील तेवढे. मार्गदर्शक: भाचा, वय १९, परीक्षा संपवून आमच्याकडे मुक्कामाला आलेला.

हा खेळ १९९९ चा. आम्ही सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून खेळायचो, आणि खेळायचो म्हणजे काय, तर 'चीज स्टेक जिमीज्' टाइप करायचं की अन्नाचा डोंगर. 'लुंबरजॅक' म्हटलं की लाकूड. मग 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' लिहून मध्ययुगात मोटारगाडी आणायची आणि सगळ्यांना गोळ्या घालायच्या. त्यामुळे वीस-बावीस वर्षं हा खेळ माहीत आहे असं सांगता येतं, पण चार मेंढ्यांपासून राज्य उभं करायला कधी शिकलोच नाही. आता २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन घेतली आहे. पैसे देऊन. त्यामुळे शिकणं आलं.

आजचा डाव: 'मॉडरेट'शी, म्हणजे हार्डच्या खालच्या पातळीशी. ३४ व्या मिनिटाला हरलो. शेवटी माझ्याकडे लाकूड १८४०, सोनं ११२०. एवढा साठा असताना हरलो याचं मला आश्चर्य वाटलं आणि तसं मी बोललोही.

भाचा म्हणाला, "मामा, यात चोवीस तिरंदाज होतात. तू ते कपाटात ठेवून मेलास."

इथे माझा धंदा सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सतरा वर्षं झाली. रॅक भरलेले दिसले की मला जेवण गोड लागतं. लाइन थांबली तर पहिला फोन मला येतो, माल पडून राहिला तर वर्षातून एकदा, ऑडिटच्या वेळी. त्यामुळे माझा हात कुठल्या बाजूला झुकतो ते उघड आहे.

८ जून, रविवार

खेळण्याआधी मोजणं. कालचा डाव रेकॉर्ड झालेला असतोच. तो लावून वही घेऊन बसलो. बायकोने दोनदा डोकावून पाहिलं.

टीसी म्हणजे टाउन सेंटर. (मला अजून प्रत्येक वेळी काळ्या कोटातला, तिकीट मागणाराच आठवतो.) व्हिलेजर, म्हणजे राबणारे गावकरी, तिथे तयार होतात. काल मी फ्यूडल एजचं (पुढच्या युगात जाण्याचं) बटण १३:४० ला दाबलं, तोवर टीसी एकूण ६ मिनिटं १० सेकंद नुसतं उभं होतं. कारणं अशी लिहिली:

घर नाही (म्हणजे नव्या माणसाला जागा नाही) म्हणून अडलं, २:०५.
अन्न नाही म्हणून अडलं, २:४०.
अन्न होतं, घर होतं, मी विसरलो, १:२५.

लढाईत हरलो असं मला वाटत होतं. वहीप्रमाणे मी पहिल्या चौदा मिनिटांतच हरलो होतो. शत्रू फक्त सांगायला उशिरा आला.

१० जून, मंगळवार

भाच्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "पहिले सहा जण मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर." मी पाढ्यासारखं पाठ केलं. सहाच का, विचारल्यावर म्हणाला, "सगळे तसंच करतात." मला असलं उत्तर चालत नाही. आज दुपारच्या चहाला एका जुन्या इश्यू स्लिपच्या पाठीवर हिशेब मांडला.

एक व्हिलेजर: ५० अन्न, २५ सेकंद. म्हणजे टीसी न थांबता चालवायचं तर ते सेकंदाला २ अन्न खातं. मेंढीवरचा व्हिलेजर सेकंदाला साधारण ०.३३ अन्न आणतो. २ ला ०.३३ ने भागा, सहा.

बस, एवढंच. सहा जण टीसीचं पोट भरतात. पाच ठेवले की थोड्या वेळाने ते उपाशी राहणार, आठ ठेवले की अन्न वर साचत जाणार आणि लाकूड कमी पडणार. हा सरळ सरळ कंझम्प्शन रेट आहे, जो मी रोज सकाळी नऊ वाजता लाइनचा काढतो.

मग पुढचंही काढलं. नेहमीचा आराखडा २२ लोकसंख्येवर फ्यूडल दाबायचा, म्हणजे २१ व्हिलेजर आणि एक घोडेस्वार स्काउट. तीन व्हिलेजर आधीच असतात, अठरा तयार करायचे. अठरा गुणिले ५०, ९०० अन्न. फ्यूडलचे ५००. एकूण १४००. सुरुवातीला २०० मिळतात, म्हणजे १२०० आणायचे. आठ मेंढ्यांचे ८०० आणि दोन रानडुकरांचे ३४० प्रमाणे ६८०. झाले १४८०. बोरांची झुडपं वेगळीच. म्हणजे एकही फार्म न लावता फ्यूडल गाठता येतं. आणि परवा मी तिसऱ्याच मिनिटाला, भविष्याची तरतूद म्हणून, ६०-६० लाकडाचे दोन फार्म लावले होते.

वेळेचं: १८ गुणिले २५ म्हणजे ७:३०. वर लूमचे (व्हिलेजरांना कणखर करणारी सुधारणा, तीही टीसीतच होते) २५ सेकंद. टीसी एक क्षणही झोपलं नाही तर बटण ७:५५ ला. त्याआधी शक्यच नाही. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिला.

आता रेकॉर्डिंग बघत बसायचीही गरज नाही. जितक्या वाजता दाबलं त्यातून ७:५५ वजा केले की झोप निघाली.

११ जून, बुधवार

आज फक्त पहिली २५ सेकंदं. तीच पुन्हा पुन्हा, तीस वेळा तरी. स्पीड १.० ठेवून. नेहमीचा १.७ असतो, तिथे खेळातली ही २५ सेकंदं भिंतीवरच्या घड्याळात जेमतेम पंधरा.

डाव सुरू होतो तेव्हा अन्न २००, लाकूड २००, सोनं १००, दगड २००. तीन व्हिलेजर, एक स्काउट. टीसीत पाचच माणसं मावतात आणि चार आधीच आहेत. म्हणजे एक व्हिलेजर बाहेर आला की गाव भरलं. त्यामुळे पहिल्या २५ सेकंदांत घर उभं पाहिजेच. एकट्याने बांधलं तर घराला बरोबर २५ सेकंदं लागतात, चालत जाण्याचा वेळ वेगळा. म्हणून दोघं मिळून एक घर, तिसरा एकटा दुसरं.

क्रम असा: टीसीवर क्लिक, चार व्हिलेजर एकदम लावायचे. अन्न २०० वरून शून्य.

इथेच माझा हात थांबतो. तीस वेळा केलं आणि तीसही वेळा थांबला. डोळ्यांसमोर शून्य दिसतं आणि पोटात खड्डा पडतो. मी पहिले काही डाव दोनच व्हिलेजर लावत होतो, 'शंभर राहू देत हाताशी' म्हणून. त्या शंभराचं पहिल्या मिनिटात दुसरं काही करता येत नाही. फ्यूडलला ५०० लागतात, ते आठ मिनिटं दूर आहे. शंभर अन्न कशासाठी राखून ठेवलं होतं हे मला मीच विचारलं तर उत्तर नाही.

मग घरांचे ५० लाकूड. उरले १५०. त्यातले १०० लाकूडतोडीच्या कॅम्पचे. उरले ५०.

रात्री साडेअकराला मी भाच्याला म्हणालो, "अरे, पण आणीबाणी आली तर?"

"आणीबाणी आली तर जास्त व्हिलेजर असलेला जिंकतो, मामा. झोप आता."

१३ जून, शुक्रवार

वादळी पाऊस. लाईट गेली ती रात्री एकला आली. नोंद नाही.

१४ जून, शनिवार

मेंढ्या. मी सुरुवातीच्या चारही मेंढ्या एकदम कापत होतो. सहा जण आहेत, चार मेंढ्या आहेत, सगळ्यांना काम. पण मेंढी मेली की तिचं मांस सडायला लागतं, कोणी घेत असो वा नसो. शंभरातले शंभर हाती येत नाहीत. एका वेळी एक कापायची, तीही टीसीच्या भिंतीला खेटून, म्हणजे नेऊन टाकायला पाऊलही चालावं लागत नाही. बाकीच्या जिवंत उभ्या. जिवंत मेंढी सडत नाही. आमच्याकडे ॲडहेसिव्हचा डबा फोडण्याबद्दल मी हेच सांगून सांगून थकलो आहे.

मग रानडुक्कर. ३४० अन्न आहे त्यात आणि ते मेंढीपेक्षा भरभर गोळा होतं, म्हणून सोडून चालत नाही. पण ते टीसीपासून लांब असतं आणि तिथेच मारलं तर वाहतुकीतच वेळ जातो. म्हणून एका व्हिलेजरने जायचं, बाण मारायचा, डुक्कर अंगावर आलं की घराकडे पळायचं आणि टीसीपाशी बाकीच्यांनी मिळून त्याला पाडायचं.

आजचे प्रयत्न सहा.

पहिला: व्हिलेजर गेला, बाण मारला, मी मेंढ्या बघायला गेलो, व्हिलेजर तिथेच मेला.
दुसरा: पळाला, पण मी चुकून त्याला झाडावर क्लिक केलं. तो मनोभावे लाकूड तोडू लागला. मेला.
तिसरा: टीसीपर्यंत आणलं, बाकीच्यांना सांगायला विसरलो. ते मेंढी कापत राहिले. समोर माणूस मरत होता.
चौथा: आलं, मेलं, सगळे व्यवस्थित. मी खुर्चीतून उठलो.
पाचवा: मेला.
सहावा: आलं.

व्हिलेजर मेला की पन्नास अन्न गेलं असं मी लिहीत होतो. भाच्याने पान ओढून घेतलं आणि म्हणाला, "आणि तो पुढचा अर्धा तास जे आणणार होता ते?" बरोबर आहे. आता जाण्याआधी लूम करून घेतो. सोन्याचे ५० जातात, व्हिलेजरला १५ हेल्थ जास्त मिळते. अनुभवी लोक ते शेवटी करतात. मी अनुभवी नाही.

१७ जून, मंगळवार

लाकूड. एक व्हिलेजर एका खेपेला १० लाकूड आणतो. कॅम्प झाडांना चिकटून असला तर वळला की टाकलं. पण जवळची झाडं तुटत जातात, जंगल मागे सरतं, आणि कॅम्प जिथल्या तिथे. माझा एक कॅम्प बाराव्या मिनिटाला झाडांपासून इतका लांब होता की सहा जण तोडण्यापेक्षा चालतच जास्त होते. वर लाकूड हळूहळू वाढताना दिसत होतं, त्यामुळे शंका आली नाही.

नवा कॅम्प १०० लाकडाचा. एवढा खर्च परत कशाला, असं वाटत राहतं. आमच्या इथे नवीन शेडला स्टोअर तीनशे मीटरवर राहिलं आणि दोन हेल्पर दिवसभर फक्त ट्रॉली ढकलत असतात. तिथे छोटं सब-स्टोअर करा म्हणून मीच तीन पत्रं लिहिली आहेत. आणि इथे १०० लाकडाला मीच अडून बसलो.

फ्यूडलला पोचलं की पहिली खरेदी दुधारी कुऱ्हाडीची, १०० अन्न आणि ५० लाकूड. तोडीचा वेग २० टक्क्यांनी वाढतो. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

२१ जून, शनिवार

आज उलट्या बाजूने पडलो. टीसी झोपू नये म्हणून प्रत्येक वेळी दहा-दहा व्हिलेजर रांगेत लावायला लागलो. झोप शून्य! पण घरं बांधायला उशीर, फ्यूडलचे ५०० काही केल्या जमेनात.

कारण रांगेत लावताक्षणी पैसे कापले जातात. दहा व्हिलेजर म्हणजे ५०० अन्न आत्ता दिलं, आणि त्यातला शेवटचा चार मिनिटांनी कामाला लागणार. पुरवठादाराला सगळा ॲडव्हान्स देऊन बसण्यातलाच प्रकार. शुद्ध पद्धत अशी की एक बनतोय आणि एक रांगेत, बाकी हातात. ती पाळायची तर दर वीस-पंचवीस सेकंदांनी टीसीकडे परत यावं लागतं, आणि माझे डोळे एवढे चपळ नाहीत. तडजोड: तीन. थोडं अन्न अडकतं, पण विसरण्यापेक्षा स्वस्त पडतं. भाच्याला हे पटलं नाही. त्याचं वय एकोणीस आहे.

घरांसाठी मात्र त्याचा नियम घेतला. टीसी एकटं चालू असेल तर पाच माणसं १२५ सेकंदांत भरतात, म्हणजे दर दोन मिनिटांना २५ लाकडाचं एक घर. लोकसंख्येच्या आकड्यात दोनची जागा उरली की घर टाकायचं. लाकूडतोड्यांपैकी एकालाच ते काम कायमचं देऊन टाकलंय.

२२ जून, रविवार

फ्यूडल ९:०५ ला दाबलं. वजा ७:५५. झोप १ मिनिट १० सेकंद. दोन आठवड्यांपूर्वी ६:१० होती.

मॉडरेटला हरवलं. बायकोला सांगितलं. "बरं," म्हणाली.

२८ जून, शनिवार

पहिली आठ मिनिटं जमायला लागली आणि आता सगळा घोळ त्याच्या पुढे. फ्यूडलमध्ये शिरलो की लाकूड ९००, अन्न ३०, सोनं शंभरच्या आत. तबेला बांधला, पण आत घोडा नाही.

खेळातल्या राज्यांपैकी फ्रँक्स घेऊन खेळतोय. बोरं जरा भरभर तोडतात आणि फार्मच्या सुधारणा त्यांना फुकट. मला खरं तर हिंदुस्तानी घ्यायचे होते, पण त्यांचे व्हिलेजर स्वस्त, म्हणजे माझं ५० चं गणितच हललं असतं. आधी हे पाठ होऊ दे.

परत स्लिपची पाठ. स्काउट ८० अन्नाचा, तबेल्यातून ३० सेकंदांत. सेकंदाला २.६७ अन्न. टीसीचे २ धरून ४.६७. एवढ्यासाठी चौदा-पंधरा जण अन्नावर पाहिजेत. माझ्याकडे नऊ होते. तेरा लाकडावर, कारण सुरुवातीला तिकडे पाठवलेले परत काढायचे असतात हे डोक्यातच नाही. आठव्या मिनिटाला योग्य असलेली वाटणी दहाव्याला चुकीची ठरते. प्रत्येक वेळी आधी ठरवायचं की पुढची दोन मिनिटं काय विकत घ्यायचंय, आणि माणसं त्या हिशेबाने हलवायची. तिरंदाज करायचे असते तर उलटं: प्रत्येकी २५ लाकूड, ४५ सोनं, ३५ सेकंदं. दोन रेंज (तिरंदाज तयार होतात त्या इमारती) चालवायला सात जण सोन्यावर, आणि अन्न फक्त टीसीपुरतं.

यावर उपाय म्हणून मी बाजार बांधला. ९०० लाकूड पडलंय ना, विकू. पहिल्या शंभराला ७० सोनं आलं. दुसऱ्याला त्याहून कमी. प्रत्येक विक्रीला दर घसरतो. सातशे लाकूड विकून साधारण साडेचारशे सोनं हातात आलं. मग अन्न घ्यायला गेलो तर शंभराला १३० सोनं. दोन्हीकडून तीस टक्के दलाली. वर बाजाराचे १७५ लाकूड वेगळे. माझ्या गावच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. पाच माणसं लाकडावरून उचलून अन्नावर नेली असती तर फुकटात झालं असतं.

२९ जून, रविवार

भाचा हॉस्टेलवर परत गेला. जाताना स्क्रीनच्या कडेला स्टिकी नोट लावून गेला: 'टीसी झोपलंय'. फक्त एवढंच. दर वेळी ती वाचली की खरंच झोपलेलं असतं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. दिवसभर सुट्टी, साबुदाण्याची खिचडी आणि तीन डाव.

कॅसल एजला, म्हणजे फ्यूडलच्या पुढच्या युगाला, ८०० अन्न आणि २०० सोनं लागतं. हे मात्र साठवावं लागतं, त्याला इलाज नाही, आणि इथे माझी जुनी सवय चक्क उपयोगी पडते. अन्न ६०० झालं की मी स्काउट बंद करतो आणि हात मांडीखाली ठेवतो.

कॅसलमध्ये आणखी टीसी बांधता येतात. एकाला २७५ लाकूड आणि १०० दगड. आता सुरुवातीला जे २०० दगड मिळतात त्यांचा उपयोग कळला. बरोबर दोन टीसींचे. मी आजवर त्यातून मनोरे बांधत होतो.

तीन टीसी म्हणजे सेकंदाला ६ अन्न नुसत्या व्हिलेजरांना. अठरा-वीस फार्म. प्रत्येकी ६० लाकूड. पहिल्या डावात फार्म लावता लावता लाकूड संपलं, घरं थांबली, तीनही टीसी एकदम झोपली. दुसऱ्या डावात फार्म आधी एकेक करून लावत आलो, मग टीसी. तिसऱ्यात जमलं. व्हिलेजर ६८ झाले. वर डाव्या कोपऱ्यात चारही आकडे दोनशेच्या खाली आणि मला काही वाटलं नाही. पोटातला खड्डा कुठे गेला कोण जाणे. उपासामुळे असेल.

हार्डशी हे तीन डाव. तीनही हरलो, पण तिसऱ्यात त्याला घाम फोडला.

१२ जुलै, शनिवार

हरलो. एक तबेला पुरत नाही, नाइटला (कॅसलमधला चिलखती घोडेस्वार) ६० अन्न आणि ७५ सोनं. एका तबेल्यामागे सोन्यावर सहा-सात जण. तीन तबेले असतील तर मोजा. मी मोजले नव्हते.

१९ जुलै, शनिवार

फ्यूडल ८:२०. झोप २५ सेकंदं, म्हणजे एक व्हिलेजर. कॅसलमध्ये दोन नवे टीसी, तीन तबेले, सोन्यावर वीस जण. नाइट सोळा झाल्यावर निघालो, मेले तसे मागून येत राहिले. ४१ व्या मिनिटाला हार्डने हत्यार टाकलं.

भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला. अन्न ९०, लाकूड ४०, सोनं ११५. एवढं रिकामं स्टोअर मी आयुष्यात अभिमानाने कोणाला दाखवलेलं नाही.

दोन मिनिटांनी उत्तर आलं: "भारी मामा!! दगड?"

बघितलं. दगड ९३०. किल्ला बांधायचा म्हणून २२ व्या मिनिटाला चार जण दगडाच्या खाणीवर पाठवले होते, ते शेवटपर्यंत खणतच होते. किल्ला बांधायचं राहूनच गेलं.